कंडरांमधील स्थितिस्थापक ऊर्जा

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या, मुख्यतः कोलॅजेन तंतूंनी बनलेल्या दोरीसारख्या ऊतीला कंडरा म्हणतात. भार पडल्यावर कंडरा किंचित ताणली जाते, त्या ताणात ऊर्जा साठवते आणि भार उतरताच तिचा बहुतांश भाग परत करते. त्यामुळे धावताना प्रत्येक पावलाची सर्व ऊर्जा स्नायूंना नव्याने निर्माण करावी लागत नाही. जैवयांत्रिकीत या क्रियेच्या अभ्यासासाठी कंडरेला स्प्रिंग मानले जाते.

स्प्रिंगचे प्रतिमान

हुकच्या नियमानुसार स्प्रिंगमधील बल तिच्या लांबीतील वाढीच्या सम प्रमाणात असते. साठलेली ऊर्जा पुढील सूत्राने मिळते:

ऊर्जा = ½ × ताठरता × (लांबीतील वाढ)²

उदाहरणार्थ, १,५०,००० न्यूटन प्रति मीटर ताठरता असलेली कंडरा २ सेंटिमीटर ताणली गेल्यास बल ३,००० न्यूटन होते व ३० ज्यूल ऊर्जा साठते.

धावणे व व्यायाम

केर, अलेक्झांडर व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, सेकंदाला ४.५ मीटर वेगाने धावणाऱ्या ७० किलोग्रॅम वजनाच्या पुरुषाच्या टाचेमागील अकिलिस कंडरेत प्रत्येक पावलाला सुमारे ३५ ज्यूल, तर तळपायाच्या कमानीत सुमारे १७ ज्यूल ऊर्जा साठते.

३,००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २८ अडथळे व ७ पाणउड्या पार कराव्या लागतात. या प्रकारात बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा भारतीय विक्रम नोंदवला. अशा शर्यतीत नेहमीच्या पावलांखेरीज प्रत्येक उडीच्या वेळीही पायांच्या कंडरांवर मोठा भार येतो.

कोल्हापूर परिसरातील तालमींमध्ये मारल्या जाणाऱ्या जलद बैठकांतही हे तत्त्व दिसते. खाली जाताना ताणलेल्या कंडरा लगेच वर येताना साहाय्य करतात. खाली थांबल्यास हा लाभ घटतो आणि बैठक जड वाटते.

मर्यादा

प्रत्यक्ष कंडरा आदर्श स्प्रिंग नसते. सुरुवातीला तिचे नागमोडी तंतू सरळ होत असल्याने ती कमी बलानेही ताणली जाते. ताठरता नंतर वाढते. शिवाय साठलेल्या ऊर्जेचा काही अंश, साधारणतः दहा टक्क्यांपर्यंत, उष्णतेच्या रूपात खर्च होतो.

ऊर्जा साठवणाऱ्या कंडरा अधिक ताणल्या जात असल्याने त्या तुटण्याच्या मर्यादेच्या अधिक जवळ काम करतात. सरावाने स्नायूंचे बळ कंडरांच्या तुलनेत लवकर वाढते. म्हणून धावण्याचा व उड्यांचा सराव टप्प्याटप्प्याने वाढवणे आवश्यक ठरते.