जुने डेस्कटॉप सॉफ्टवेअर ॲप स्टोअरमध्ये कसे जाते?

विंडोजवर सॉफ्टवेअर टाकायची जुनी पद्धत सगळ्यांना पाठ आहे. वेबसाइटवरून सेटअपची फाइल डाउनलोड करायची आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जायचे. असा इन्स्टॉलर संगणकात हव्या त्या ठिकाणी फाइल्स ठेवतो आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, बदल करतो. सॉफ्टवेअर काढून टाकले तरी त्यातले बरेच काही मागे उरते.

अडचण काय होती?

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत विंडोज स्टोअर आले. पण तिथून थेट इन्स्टॉल होत ती नव्या पद्धतीने लिहिलेली ॲप्सच. अनेक वर्षे खपून तयार केलेले सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून लिहिणे अनेक कंपन्यांना परवडणारे नव्हते.

प्रोजेक्ट सेंटेनियल

यावर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ‘प्रोजेक्ट सेंटेनियल’ जाहीर केला. पुढे त्याला ‘डेस्कटॉप ब्रिज’ म्हटले गेले. २०१६ मध्ये त्यासाठीचे कन्व्हर्टर आले. ते जुना इन्स्टॉलर एका वेगळ्या, बंदिस्त वातावरणात चालवत असे, त्याने कोणत्या फाइल्स ठेवल्या आणि रजिस्ट्रीत काय बदलले ते टिपत असे आणि त्यावरून एक पॅकेज बनवत असे. मूळ प्रोग्रॅम बहुतांशी तसाच राहतो. एव्हरनोट आणि आर्डुइनो आयडीई ही या मार्गाने स्टोअरमध्ये आलेल्या सुरुवातीच्या ॲप्सपैकी होती.

पॅकेजमध्ये काय असते?

- मॅनिफेस्ट: ॲपचे नाव, आवृत्ती आणि परवानग्यांची यादी.
- स्वतःची रजिस्ट्री: ॲपच्या बऱ्याचशा नोंदी मूळ रजिस्ट्रीत न मिसळता वेगळ्या राहतात, म्हणून ते काढणे सोपे होते.
- डिजिटल सही: पॅकेजमध्ये कोणी फेरफार केला तर लगेच कळते.

काय चालत नाही?

ॲपला स्वतःच्या इन्स्टॉल फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. जुनी अनेक सॉफ्टवेअर सेटिंग्जची फाइल तिथेच ठेवतात, त्यामुळे तेवढा कोड बदलावा लागू शकतो. हार्डवेअरचे ड्रायव्हर लागणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीही हा मार्ग अडचणीचा ठरला.

पुढे काय झाले?

२०१८ मध्ये ‘एमएसआयएक्स’ हे नवे पॅकेज आले. त्यात अपडेटच्या वेळी फक्त बदललेला भाग डाउनलोड होतो, त्यामुळे डेटा वाचतो. २०२१ मध्ये विंडोज ११ जाहीर करताना मायक्रोसॉफ्टने नियम आणखी सैल केले आणि पॅकेज न बदललेली पारंपरिक सॉफ्टवेअरही स्टोअरमध्ये येऊ लागली.

वापरणाऱ्याने काय लक्षात ठेवावे?

स्टोअरमध्ये असलेले प्रत्येक ॲप बंदिस्त असते असे नाही. रूपांतरित डेस्कटॉप ॲप साधारणपणे ‘फुल ट्रस्ट’ परवानगीने चालते, म्हणजे संगणकावर लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या फाइल्स ते वाचू शकते. म्हणून स्टोअरमधूनही ॲप घेताना प्रकाशकाचे नाव आणि मागितलेल्या परवानग्या आधी तपासून घ्याव्यात.