मैना की चंद्रकला?

व्ही. शांताराम यांचा सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, हा वाद मराठी रसिकांना नवा नाही. १९२७ च्या 'नेताजी पालकर' या मूकपटापासून १९८७ च्या 'झंझार'पर्यंत साठ वर्षे हा माणूस दिग्दर्शन करीत होता. साहजिकच वादातले पक्ष पिढ्यांनुसार पडलेले दिसतात. जुनी मंडळी 'कुंकू' आणि 'शेजारी'चे नाव घेतात. शिक्षकवर्गाचा कौल बहुधा 'दो आँखें बारह हाथ'ला असतो. त्यानंतरच्या पिढीला शांताराम म्हटले की 'पिंजरा'च आठवतो. 'नवरंग'चे चाहते वेगळेच. ते वाद घालीत नाहीत, गाणी म्हणतात.

आमचे मत 'माणूस'च्या बाजूचे आहे. ते मांडताना आम्हांला आमच्या गावाचाच आधार घ्यावासा वाटतो.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. १९३९ साली येथील विंध्यशक्ती (दुसरा) याचा ताम्रपट उजेडात आला, तोवर वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथून राज्य करीत होती हे इतिहासाला ठाऊक नव्हते. त्याच वर्षी प्रभातचा 'माणूस' प्रदर्शित झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. परंतु वत्सगुल्माने साहित्यशास्त्राला जे दिले, ते या वादात उपयोगी पडते. 'हरिविजय' या लुप्त प्राकृत काव्याचा कर्ता सर्वसेन हा या शाखेचा मूळ पुरुष. राजशेखराने 'कर्पूरमंजरी'च्या नांदीत वैदर्भी रीतीला 'वच्छोमी', म्हणजे वत्सगुल्माची, असे म्हटले आहे. 'काव्यमीमांसे'त तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह त्याने याच नगरात लावला. त्या कथेतला एक तपशील फार मार्मिक आहे. वधू काव्यपुरुषामागे देशोदेशी फिरते. पूर्वेकडे तो तिला वश होत नाही, तेव्हा त्याची वाणी समासांनी आणि अनुप्रासांनी जड असते, ती गौडी. पुढे तो थोडा वश होतो, ती पांचाली. दक्षिणेत तो पूर्ण वश होतो आणि बोलणे सुबोध, मोजके होते, ती वैदर्भी.

शांतारामांची कारकीर्द या मार्गाने उलटी चालली, असे आम्हांला वाटते. ती वैदर्भीकडून गौडीकडे गेली.

१९३७ चा 'कुंकू' पाहा. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा बोलपट जरठकुमारी विवाहाचा आहे. विषय 'शारदा' नाटकापासून परिचित. नवे होते ते नीरेचे न वाकणे, आणि शांता आपट्यांचा तो ताठ आवाज. केशवराव भोळ्यांचे संगीत असूनही पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य केले आहे. जे ऐकू येते ते घरातले, रस्त्यावरचे. घड्याळाचे टोले म्हाताऱ्या नवऱ्याच्या वयाचा हिशेब सांगतात. येथे अलंकार आहे, पण तो घरातल्या वस्तूंतूनच निघालेला आहे. शेवटी मात्र काकासाहेबांनी आत्महत्या करून नीरेला मोकळे करणे ही आम्हांला लेखकाने काढलेली सोयीची वाट वाटते. नीरेने स्वतः काही करायचे उरत नाही.

'माणूस' या ठिकाणी पुढे जातो. गणपत हा पोलीस शिपाई (शाहू मोडक) छाप्याच्या वेळी मैनेला (शांता हुबळीकर) वाचवतो, तिच्यात गुंततो, तिला त्या जिण्यातून बाहेर काढू पाहतो. तिला ते पेलत नाही. अखेर ती आपल्या दुष्ट मामाचा खून करते आणि पकडली जाते. गणपत तिला सोडवायला तयार असतो; ती नाकारते आणि तुरुंग पत्करते. प्रेमासाठी झुरून मरणारा नायक तेव्हा लोकांना अतिशय प्रिय होता. बरुआंचा 'देवदास' १९३५ चा. 'माणूस' हे त्याला दिलेले उत्तर आहे, असे समीक्षक मानत आले आहेत आणि ते पटण्याजोगे आहे. गणपतही कोसळतो, पण उठतो आणि कामावर परततो. चित्रपटात बॉम्बे टॉकीजच्या गोडगुलाबी प्रेमगीतांची चक्क थट्टा आहे. मैनेचे ते प्रसिद्ध गाणे अनेक भाषांत फिरते, ते निव्वळ गंमत म्हणून नव्हे. ज्या बाजारात ती उभी आहे तेथे निरनिराळ्या मुलखांची गिऱ्हाइके येतात, हे त्यातून एकही वाक्य न बोलता कळते. वैदर्भीचा प्रसादगुण आम्ही यालाच म्हणतो.

आता 'पिंजरा'. हा १९७२ चा, मूळ १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन बोलपटाचे. गावातून तमाशा हाकलणारे मास्तर (डॉ. श्रीराम लागू) चंद्रकलेच्या (संध्या) नादी लागतात, फडाबरोबर भटकतात आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फाशी जातात, कारण गावाच्या मनातले आदर्श गुरुजी मरू नयेत. लागूंचा अभिनय, निळू फुले, राम कदमांचे संगीत, जगदीश खेबुडकरांची गीते यांबद्दल वाद नाहीच. प्रश्न दृष्टीचा आहे. एक सत्प्रवृत्त, शिस्तीचा पुरुष आणि समाजाने बाहेर टाकलेली स्त्री, ही जोडी 'माणूस'मधलीच आहे. परंतु मैना ही परिस्थितीत सापडलेली बाई होती. चंद्रकला सूडाने जाळे टाकणारी मोहिनी म्हणून पडद्यावर येते. पुढे ती पालटते, हे खरे, तरी चित्रपटाचे सगळे दुःख मास्तरांच्या घसरणीसाठी राखलेले आहे. 'माणूस' विचारतो, या बाईचे काय? 'पिंजरा' विचारतो, या सज्जनाचे असे कसे झाले? तेहतीस वर्षांत एकाच दिग्दर्शकाचा प्रश्न बदलला, आणि प्रश्नाबरोबर रीतीही. रंग, नाच, प्रतीके यांची दाटी झाली.

आमच्या वऱ्हाडात हा फरक अधिक जाणवायला हवा. विदर्भाची परंपरा खडी गंमत आणि दंडार यांची. तेथे बाईचे सोंग पुरुष नाच्या घेत असे. संगीतबारीतली बाई इथल्या अनेकांना प्रथम भेटली ती लावणीच्या चित्रपटांतून. तमासगीर स्त्री म्हणजे भुरळ, ही समजूत दृढ होण्यात 'पिंजरा'च्या यशाचा वाटा लहान नसावा.

येथे एक आक्षेप रास्त आहे. कुंतकाने रीतींना देशांची नावे देणेच अमान्य केले होते. मार्ग कवीच्या स्वभावातून निघतो, असे तो म्हणतो, आणि विचित्र मार्गालाही तो मान देतो. मग 'नवरंग' किंवा 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) यांना केवळ अलंकृत म्हणून खाली का बसवावे? बसवू नये. 'झनक झनक'चा रंगोत्सव आम्हांला मनापासून आवडतो, कारण तेथे नृत्य हाच विषय आहे. अडचण येते ती 'दो आँखें बारह हाथ'पाशी. औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावरून सुचलेली, गदिमांनी लिहिलेली ही कथा १९५७ साली पडद्यावर आली. पुढच्या वर्षी बर्लिनला तिचा गौरव झाला. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर, इतकी साधी, बलवान कल्पना. पण प्रत्येक प्रसंगी प्रतीक पुढे येऊन अर्थ समजावून सांगू लागते. वर्गात शिकवायला हा चित्रपट सोपा जातो. शिक्षकांच्या कौलाचे एक कारण तेही असेल.

दुसऱ्या क्रमांकाबद्दल मात्र आमच्यातच एकमत नाही. काहींना 'कुंकू' हवा. आम्ही काहीजण १९४१ च्या 'शेजारी'कडे झुकतो. विश्राम बेडेकरांच्या त्या कथेत जिवबा पाटील आणि मिर्झा यांची मैत्री धरणाच्या धंद्यातले हितसंबंध फोडतात. भांडण धर्माचे नसून जमिनीचे आहे, हे चित्रपट आधी दाखवतो आणि मग धर्माचा रंग कसा चढतो ते दाखवतो. हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर मजहर खान यांनी केला आणि मिर्झा गजानन जागीरदारांनी. मराठीत मिर्झा जागीरदारांचाच होता, जिवबा केशवराव दात्यांचा. 'कुंकू'तला म्हातारा वकीलही दात्यांनीच रंगवला होता. दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहिले की 'कुंकू'वाल्यांशी भांडायला अधिक बळ येते.