गेम का अडखळतो? ‘डूम’पासून महालातल्या उन्हाळ्यापर्यंत

१/ मे महिन्यातील दुपार. नागपूरच्या महालात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, नवा गेम सुरू होतो. पहिला अर्धा तास सुरळीत जातो. मग चित्र अडखळू लागते. ‘ग्राफिक्स कार्ड बदल,’ हा सल्ला तत्काळ मिळतो. सल्ला फुकट असला, तरी कार्डाला हजारो रुपये पडतात. दोष खरोखर कार्डाचाच असतो का? थ्रेड.

२/ आधी हिशेब. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी यंत्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात शत्रूच्या हालचाली, टकरी, प्रकाश, सावल्या, सारे उरकायचे. एखादीच फ्रेम ५० मिलिसेकंद रेंगाळली, तरी डोळ्याला तो झटका जाणवतो. सरासरीचा आकडा मात्र ही गोष्ट झाकून ठेवतो.

३/ १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ प्रसिद्ध झाला. त्याला किमान ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी मेमरी पुरत असे. जॉन कार्मॅक यांनी नकाशाची विभागणी आधीच करून ठेवणारी ‘बायनरी स्पेस पार्टिशनिंग’ ही पद्धत वापरली. भिंतीआड जे दडले आहे, ते रेखाटण्यात वेळ दवडायचाच नाही, हे त्यामागचे सूत्र.

४/ तरीही यंत्र दमले, तर ‘डूम’मध्ये चित्राचा आकार लहान करता येई आणि तपशीलही कमी करता येई. म्हणजे सेटिंग खाली आणणे ही आजच्या गरीब यंत्राची लाचारी नव्हे. ती या कलेइतकीच जुनी रीत आहे.

५/ १९९६ मध्ये ‘क्वेक’ आला आणि निकष पालटला. त्याचा भर अपूर्णांकांच्या गणितावर होता. ते गणित पेंटियम झपाट्याने करी. जुन्या ४८६ प्रोसेसरची मात्र दमछाक होई. यंत्राचा वेग त्याच्या सर्वांत अशक्त दुव्यावर ठरतो, हा धडा तेव्हा अनेकांनी आपल्याच टेबलावर घेतला.

६/ पुढे प्रोसेसरचे मेगाहर्ट्‌झ वाढवण्याची शर्यत लागली. ती रोखली उष्णतेने. मे २००४ मध्ये इंटेलने आपला नियोजित ‘तेजस’ प्रोसेसर रद्द केला आणि एकाच चिपवर अनेक कोअर बसवण्याकडे मोर्चा वळवला. एकाला पळवून थकवण्यापेक्षा काम वाटून देणे शहाणपणाचे ठरले.

७/ कामाची ही वाटणी महाराष्ट्राने आधीच करून दाखवली होती. अमेरिकेने शक्तिशाली महासंगणक देण्यावर निर्बंध घातले, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. नेतृत्व विजय भटकर यांचे: जन्म अकोला जिल्ह्यातला, अभियांत्रिकीचे शिक्षण नागपूरच्या आजच्या व्हीएनआयटीत. १९९१ मध्ये साकारलेल्या ‘परम ८०००’ मध्ये ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर समांतर काम करत.

८/ ‘परम’ हा ग्राफिक्स कार्डाचा पूर्वज नव्हे. तत्त्व मात्र सारखे. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचा हिशेब बराचसा स्वतंत्रपणे करता येतो, म्हणून कार्डातील हजारो छोटे कोअर तो वाटून घेतात. गेममधील घटनांची साखळी मात्र क्रमानेच सोडवावी लागते. ते काम प्रोसेसरचे.

९/ यातूनच एक साधी कसोटी मिळते. रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या, तर भार कार्डावर आहे. नाही वाढल्या, तर खोळंबा बहुधा प्रोसेसरपाशी आहे आणि नवे कार्ड घेऊन फारसे काही साधणार नाही. पाच मिनिटांची ही परीक्षा मोठा खर्च वाचवू शकते.

१०/ आकडेही बोलके आहेत. ‘फोर-के’ पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके, १०८० रिझोल्यूशनवर २०,७३,६००. म्हणजे बरोबर चौपट काम. २०१८ नंतर रुळलेले डीएलएससारखे तंत्र कमी ठिपके रेखाटून उरलेले अंदाजाने भरते. ‘डूम’चीच काटकसर, नव्या वेशात.

११/ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, मग पीसीवर. त्यात कॅमेरा खेळाडूच्या हाती नाही. त्यामुळे कुठून काय दिसणार, हे रचनाकारांना आधीच ठाऊक असते. जे दिसणार नाही, त्यावर श्रम वाया जात नाहीत.

१२/ उलट टोकाला २००७ चा ‘क्रायसिस’. त्याची सर्वोच्च सेटिंग पुढच्या काळातील यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती. ती त्या वर्षीच्या पीसीला पेलली नाही, यात पीसीचा अपमान नव्हता. ‘अल्ट्रा’ हा प्रतिष्ठेचा प्रश्न करू नये, ते यासाठी.

१३/ नवा गेम पहिल्या खेपेस अधिक अडखळतो, त्याचे कारण निराळे. प्रकाश-छायेचे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, प्रत्येक कार्डासाठी त्याच पीसीवर तयार करावे लागतात. ते खेळ चालू असताना होऊ लागले, की झटके बसतात. ‘शेडर तयार होत आहेत’ असा पडदा आला, तर तो घाईने ओलांडू नये.

१४/ आता पुन्हा महालात. तिथे दोष पहिल्या मिनिटाला दिसला नव्हता, अर्ध्या तासाने दिसला. ही खूण उष्णतेची. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पंखा प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. १०० अंशांच्या आसपास पोचलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो.

१५/ बंद खोलीत कूलर चालत नाही, समोरची खिडकी उघडी लागते, हे नागपुरात लहान मुलालाही ठाऊक असते. वाड्याचा चौकही तेच करतो: तापलेल्या हवेला वर वाट देतो. कॅबिनेटचा न्याय वेगळा नाही. धूळ झाडावी, मागची बाजू भिंतीपासून सोडवावी, यंत्र तापलेल्या माडीवरून खालच्या खोलीत न्यावे. कूलरचा दमट झोत मात्र थेट त्यावर सोडू नये.

१६/ ‘डूम’, ‘परम’, ‘राजी’ या तिन्हींमागे हाती असलेल्या यंत्राची मर्यादा नेमकी ओळखणारी माणसे होती. माडीवरच्या त्या पीसीलाही आधी तेवढाच न्याय मिळावा. कार्डाचा विचार त्यानंतर.