पाव, काजू आणि सोबती

रेडीची दक्षिणेकडील शीव ओलांडली की तेरेखोलचा किल्ला लागतो. खाडीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला असूनही तो गोव्यात मोडतो. कारण १७४६ साली पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीच्या भोसल्यांकडून जिंकून घेतला. किल्ल्यांची मालकी लढाईने बदलते; शब्द मात्र स्वयंपाकघराच्या दाराने निमूटपणे येतात.

आपली मुले शाळेत ‘कॅश्यू’ हा इंग्रजी शब्द शिकतात आणि ‘काजू’ हे त्याचेच बिघडलेले रूप समजतात. वस्तुस्थिती निराळी आहे. ब्राझीलमधील तुपी लोकांच्या ‘अकाजू’चा पोर्तुगीजांनी ‘काजू’ केला आणि सोळाव्या शतकात ते झाडही या किनाऱ्यावर आणले. इंग्रजांनी हा शब्द पोर्तुगीजांकडूनच उचलला. मूळ उच्चार अधिक नीट जपला तो मराठीने. ‘बटाटा’ आणि ‘पोटॅटो’ हीसुद्धा अशीच भावंडे. कॅरिबियन बेटांवरचा मूळ ‘बटाटा’ म्हणजे मात्र रताळे!

इंग्रजांच्या उपाहारगृहांत आवडीने मागवल्या जाणाऱ्या ‘विंदालू’त पुष्कळजण बटाटे शोधतात. वास्तविक त्यातील ‘आलू’ म्हणजे पोर्तुगीज भाषेतील लसूण, आणि ‘विं’ म्हणजे द्राक्षमद्य. गोव्याच्या गृहिणींनी द्राक्षमद्याच्या जागी माडाच्या सुरेचा शिरका वापरला, मिरची-मसाला घातला आणि परका पदार्थ आपलासा केला.

पावाची कथा अधिक बोलकी आहे. पायांनी तुडवून मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती निराधार होय. लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकर. त्यापासून पोर्तुगीज ‘पांव’ आणि आपला ‘पाव’. एकेकाळी पाव खाल्ला म्हणजे माणूस बाटला, अशी समजूत होती. या एका घासाने शेजाऱ्याशेजाऱ्यांत भिंती उभ्या केल्या. पुढे मुंबईत १९६० च्या दशकात वडापाव आला आणि कोणाचाही धर्म न विचारता तो घरोघरी पोहोचला.

त्याच ‘पानिस’पासून इंग्रजीत ‘कंपॅनियन’ हा शब्द आला. लॅटिन ‘कुम’ म्हणजे सह. सोबत बसून भाकर खातो तो सोबती. ज्या पावाला परकेपणाची खूण मानले गेले, त्याच्याच मुळातून सोबत्याचे नाव निघावे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुलांकडून इंग्रजी शब्द पाठ करून घेताना आईवडिलांनी त्यांना हा इतिहासही अवश्य सांगावा.