दोन चांदीच्या नाण्यांचा सोटा

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये बार्बेरियन घेतला की शस्त्रांच्या यादीत आपला हात आधी कुठे जातो? ग्रेटस्वोर्डवर! 2014 च्या नियमांत तिची किंमत 50 सोन्याची नाणी. त्याच यादीत ग्रेटक्लब नावाचा सोटाही आहे, किंमत 2 चांदीची नाणी. एका तलवारीच्या पैशात असे 250 सोटे येतील. तरी तो सहसा कोणी घेत नाही. आज त्याच्या एका खऱ्याखुऱ्या भावाबद्दल बोलू.

नाव खूदेनदाख. डचमध्ये शब्दशः अर्थ 'शुभ दिवस', म्हणजे आपला नमस्कारच की! साधारण दीड मीटरचा लाकडी दांडा, वर जाड होत गेलेला, टोकाला लोखंडी कडं आणि त्यातून बाहेर आलेला अणकुचीदार सुळा. दोन्ही हातांनी हाणायचा, वेळ आली की भोसकायचा.

11 जुलै 1302, आजच्या बेल्जियममधलं कोर्ट्राइक. समोर फ्रान्सच्या राजाचे चिलखतधारी घोडेस्वार, सेनापती आर्त्वाचा काउंट रॉबेअर. इकडे फ्लँडर्सच्या शहरांतले विणकर आणि कारागीर, बहुतेक सगळे पायी. आणि जिंकले कोण? विणकर! खुद्द रॉबेअर मारला गेला. पडलेल्या सरदारांच्या टाचांचे सोनेरी काटे गोळा करून चर्चमध्ये टांगले. म्हणून ही 'सोनेरी काट्यांची लढाई'.

आता ही एकट्या सोट्याची कमाल होती का? तर नाही. मैदानात ओढे होते, त्यांनी घोडदौडीचा जोर मोडला. लांब भालेवाल्यांनी घोडे अडवले आणि अडलेल्या स्वारावर सोटेवाले तुटून पडले. भाला नसता तर सोटेवाला घोड्याखाली चिरडला असता. 1382 मध्ये वेस्टरोझबेकला असंच फ्लेमिश पायदळ फ्रेंचांनी दोन्ही बाजूंनी घेरलं. ती लढाई फ्रेंचांनी जिंकली आणि ते काटेही परत नेले.

आपल्या गेममध्ये मात्र सगळं गणित एकट्या हिरोच्या फाशांवर चालतं. म्हणून डीएम लोकांना एक हाउस रूल सुचवतो: खूदेनदाखला डॅमेज ग्रेटक्लबइतकंच, एक आठ-बाजूंचा फासा. पण शेजारी भालेवाला साथीदार उभा असेल तर दोन फासे टाका. साथीदार पडला की बोनस गेला. मग बघा, पार्टीतला प्रत्येक जण शेजाऱ्याचा जीव कसा सांभाळतो ते!

फ्लँडर्समध्ये आजही 11 जुलैला सण साजरा होतो. कुणा एका राजाच्या तलवारीचा नाही, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या माणसांचा. भेटू पुढच्या भागात!