मराठी वर्गाचे डॉक्टर : आरोग्यशिक्षणातील भाषा, प्रमाणपत्र आणि पुढची वाट

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हिनकल हे एकेकाळी शहराबाहेरचे गाव होते. आज ते शहरातच मिसळून गेले आहे. आरोग्यक्षेत्रातील शिक्षणाच्या दृष्टीने हा परिसर भाग्यवान म्हटला पाहिजे. १९२४ साली बंगळूर येथे सुरू होऊन १९३० मध्ये म्हैसूरला आलेले वैद्यकीय महाविद्यालय शहराच्या मध्यभागी आहे, आणि अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था मानसगंगोत्रीच्या परिसरात, हिनकलपासून थोड्याच अंतरावर आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी पालकांना दहावीच्या सुमारास दोन प्रश्न हमखास पडतात. मराठीतून शिकलेल्या मुलाला वैद्यकाचे शिक्षण झेपेल काय? आणि डॉक्टर होता आले नाही, तर या क्षेत्रात दुसरी कोणती वाट आहे? हे प्रश्न आजचे वाटत असले, तरी त्यांना जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. मुंबई इलाख्यात ते सरकारी धोरणाचेच प्रश्न झाले होते, आणि त्यांचे एक उत्तर चक्क मराठी भाषेतून देण्यात आले होते.

पहिला प्रयत्न

मुंबईत १८२६ साली सरकारने देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकाची एक छोटी शाळा काढली. डॉ. जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख होते. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचे असल्यामुळे पाठ्यपुस्तकेही त्याच भाषांत तयार करणे भाग होते, आणि मॅक्लेनन यांनी ते काम हाती घेतले. परंतु ही शाळा सहा वर्षांतच, १८३२ साली, बंद करण्यात आली. त्यानंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या कारकिर्दीत वैद्यकीय शिक्षणाचा विचार नव्याने सुरू झाला. ग्रँट १८३८ साली वारले; त्यांच्या स्मरणार्थ १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून बांधलेले रुग्णालय त्याच्या शेजारीच होते. डॉ. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्राचार्य. येथे शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली.

या कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेल्या या मुलाने पुढे डॉक्टर, संशोधक आणि लोकसेवक म्हणून मुंबईत मोठे नाव मिळविले. मात्र अशा पदवीधरांची संख्या फारच थोडी होती आणि त्यांपैकी बहुतेकांचा ओढा मोठ्या शहरांकडे होता. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना उघडला, तर त्यात बसावे कोणी, हा प्रश्न तसाच राहिला. खेड्यापाड्यांत सुईण, वैदू, वैद्य आणि हकीम हेच लोकांचे आधार होते.

ग्रँट कॉलेजातील मराठी वर्ग

याच अडचणीतून १८६१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी आणि गुजराती भाषांचे स्वतंत्र वर्ग सुरू झाले. या वर्गांतून तयार होणाऱ्यांना ‘हॉस्पिटल असिस्टंट’ म्हणत. शरीररचना, औषधे, शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे आणि प्रसूतिशास्त्र हे विषय मराठीतून शिकवावयाचे, तर त्यासाठी ग्रंथ हवेत. ते ग्रंथ लिहिण्यासाठी इंग्रजी शिक्षण घेतलेले मराठी डॉक्टरच पुढे आले. त्यांत डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. त्यांनी ‘वैद्यतत्त्व’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. वनस्पतींचाही त्यांचा व्यासंग मोठा होता. १८८३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांतील ते एक. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग.

या ग्रंथकारांपुढील काम सोपे नव्हते. धमनी, शीर, स्नायू, यकृत, प्लीहा असे कितीतरी शब्द आयुर्वेदाच्या परंपरेतून हाताशी होते; पण नव्या वैद्यकातील सूक्ष्म भेद दाखविण्यासाठी ते दर वेळी पुरे पडत नसत. तेव्हा काही जुने शब्द नव्या अर्थाने वापरावे लागले आणि काही इंग्रजी शब्द तसेच ठेवावे लागले. म्हणजे मराठीत विज्ञान सांगता येते की नाही, याची चर्चा करीत न बसता त्या पिढीने ते सांगून दाखविले.

हा मराठी वर्ग १८७८ साली पुण्यास हलविण्यात आला आणि बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळा अस्तित्वात आली. ससून रुग्णालयाचा तिला शेजार लाभला. गुजराती वर्ग त्याच सुमारास अहमदाबादला गेला. महाराष्ट्रातील अनेक तालुक्यांच्या दवाखान्यांत लोकांनी प्रथम पाहिलेला ‘सरकारी डॉक्टर’ हा बहुधा अशाच शाळेत शिकलेला हॉस्पिटल असिस्टंट असे. रोग्याचे म्हणणे तो दुभाष्याशिवाय ऐकू शके, आणि पथ्यपाणी त्याच्या घरच्या शब्दांत सांगू शके.

शिडी अर्ध्यावर संपलेली

असे असूनही या प्रयोगात एक मोठी उणीव होती. मराठी वर्गातून उत्तीर्ण झालेल्याला विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि ती मिळविण्याचा पुढचा मार्गही नव्हता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या वैद्यकीय पदवीसाठी इंग्रजीतील प्रवेशपरीक्षा आवश्यक होती. त्यामुळे मराठीतून वैद्यक शिकलेला मनुष्य कितीही कुशल आणि अनुभवी झाला, तरी तो दुय्यम वेतनाच्या दुय्यम जागेवरच राही. पुढे ‘हॉस्पिटल असिस्टंट’ हे पदनाम जाऊन ‘सब-असिस्टंट सर्जन’ असे नाव आले. नाव बदलले, तरी पायरी तीच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रमाणपत्राला कायद्याचे बळ मिळाले. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने वैद्यकीय व्यावसायिकांची नोंदवही सुरू केली. त्याच वर्षी मुंबईत ‘कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स’ ही परीक्षा घेणारी संस्था स्थापन झाली. तिची ‘एल.सी.पी.एस.’ ही पदविका महाराष्ट्रातील जुन्या पिढीला चांगली परिचित आहे. नावापुढे ही चार अक्षरे असलेल्या डॉक्टरांनी गावोगावी तीन-तीन पिढ्यांची सेवा केली. मात्र दरम्यान वैद्यकीय शाळांतूनही मराठीची जागा इंग्रजीने घेतली. नोंदणी, परीक्षा आणि बढती या साऱ्यांची भाषा इंग्रजी असताना केवळ वर्गाची भाषा मराठी ठेवणे विद्यार्थ्यांनाच तोट्याचे वाटू लागले, यात नवल नाही. मराठीतून विषय कळत नव्हता, म्हणून मराठी मागे पडली असे नव्हे. मराठीतून मिळालेले प्रमाणपत्र पुढे कोठेच नेत नव्हते, म्हणून ती मागे पडली.

स्त्रियांनी मिळविलेला अधिकार

प्रमाणपत्राचे खरे मोल स्त्रियांइतके दुसऱ्या कोणाला कळले नसेल. बाळंतपणाचे आणि शुश्रूषेचे ज्ञान पिढ्यान्पिढ्या त्यांच्याच हाती होते. अधिकार मात्र त्यांच्या हाती नव्हता. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली, परंतु काम सुरू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्यांचा अंत झाला. डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात वाढलेल्या त्यांच्या सावत्र कन्या रखमाबाई लंडनला शिकून १८९५ च्या सुमारास सुरतेला रुजू झाल्या. पुढे त्यांनी राजकोट येथेही दीर्घकाळ सेवा केली. मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिणाऱ्या वडिलांच्या घरातून आलेली ही मुलगी पदवीधर डॉक्टर म्हणून कित्येक वर्षे प्रत्यक्ष काम करू शकली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

परदेशी जाणे सर्वांना शक्य नव्हते. १८८३ साली ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दार मुलींसाठी उघडले, आणि १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. सामान्य घरांतील स्त्रियांसाठी वाट काढली ती पुण्यात रमाबाई रानडे यांनी. १९०९ साली तेथे स्थापन झालेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. परक्या पुरुष रोग्यांची शुश्रूषा हे काम त्या काळी प्रतिष्ठित घरांत हलके समजले जाई. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना रुग्णालयात पाठविण्यास कुटुंबांची मने वळविणे, त्यांच्या राहण्याची सुरक्षित सोय करणे आणि त्या शिकून कमावू लागल्या की त्यांचा मान राखणे, ही तिन्ही कामे संस्थेला एकाच वेळी करावी लागली. शिक्षणासोबत वसतिगृह आणि प्रतिष्ठा यांचाही विचार केला, म्हणूनच तो उपक्रम रुजला. पुढे १९३५ चा मुंबईचा परिचारिका नोंदणी कायदा आणि १९४७ चा भारतीय परिचर्या परिषद कायदा यांमुळे हे काम मान्यताप्राप्त व्यवसाय झाले. १९६४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने मुंबईत परिचर्येचे महाविद्यालय काढले, आणि परिचारिकेलाही पदवीची वाट मिळाली. डॉक्टरांच्या मराठी वर्गाला जी शिडी मिळाली नव्हती, ती परिचर्येला हळूहळू मिळत गेली.

भोर समिती आणि त्यानंतर

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील आरोग्य समितीने १९४६ साली अहवाल दिला. त्या वेळी देशात सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी जवळजवळ ३० हजार पदविकाधारक आणि साडेसतरा हजारांच्या आसपास पदवीधर होते. तरीही, यापुढे एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर तयार करावा, अशी शिफारस समितीने केली. काही सदस्यांनी त्यास भिन्न मत नोंदविले. अखेर शिफारस स्वीकारली गेली आणि वैद्यकीय शाळा बंद झाल्या किंवा महाविद्यालयांत रूपांतरित झाल्या. पुण्याची बैरामजी जीजीभाई शाळा १९४६ मध्ये महाविद्यालय झाली. दर्जा एकसारखा झाला हा लाभ निश्चितच मोठा होता. परंतु तालुक्याच्या गावी राहण्यास तयार असलेला एक मोठा वर्ग त्यामुळे हळूहळू नाहीसा झाला, आणि खेड्यात डॉक्टर मिळत नाही ही तक्रार अजूनही संपलेली नाही.

दरम्यान आरोग्यसेवेचा विस्तार डॉक्टर आणि परिचारिका यांच्या पलीकडे गेला. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, दृष्टितपासणीतज्ज्ञ आणि औषधनिर्माते यांच्याशिवाय आजचे रुग्णालय एक दिवसही चालणार नाही. यांतील औषधनिर्मात्यांची नोंदणी १९४८ च्या कायद्याने ठरली. इतर अनेक व्यवसायांसाठी असा राष्ट्रीय कायदा येण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले. अभ्यासक्रम निवडताना तो कोणत्या वैधानिक परिषदेच्या मान्यतेचा आहे, त्यानंतर नोंदणी होते काय आणि त्याच्यावर पुढची पायरी कोणती, हे तीन प्रश्न म्हणूनच आधी विचारले पाहिजेत. मराठी वर्गाच्या इतिहासाने शिकविलेला हा सर्वांत व्यावहारिक धडा आहे.

मातृभाषा हेच साधन

या इतिहासाचा धागा म्हैसूरमध्ये एका वेगळ्या रीतीने पुढे जातो. अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेची स्थापना १९६५ साली झाली. तिचाही साठ वर्षांचा टप्पा नुकताच पूर्ण झाला आहे. ऐकू न येणारी मुले, तोतरे बोलणाऱ्या व्यक्ती, पक्षाघातानंतर वाचा गमावलेले वृद्ध अशा सर्वांची तपासणी आणि उपचार करणारे तज्ज्ञ येथे तयार होतात. या शास्त्राचे ग्रंथ इंग्रजीत असले, तरी काम करावयाचे असते ते रोग्याच्या भाषेत. मूल ‘ळ’ म्हणते की ‘ल’, हे मराठी कानालाच नेमके कळते. तसेच कन्नड बोलणाऱ्या मुलाचे दोष कन्नड जाणणारालाच ओळखता येतात. पक्षाघाताच्या रोग्याला हरवलेले शब्द परत आणून देण्याचे काम परभाषेतून सहसा साधत नाही. घरी मराठी आणि अंगणात कन्नड बोलणाऱ्या हिनकलच्या मुलाकडे या व्यवसायाची दोन मौल्यवान साधने जन्मजात असतात.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा आज मराठी आणि कन्नडसह तेरा भाषांत देता येते. प्रवेशानंतरचे शिक्षण मात्र बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच आहे. १८६१ च्या विद्यार्थ्याला वर्ग मराठी मिळाला, पण पुढचे दार बंद होते. आजच्या विद्यार्थ्याला दार मराठीतून उघडते आणि वर्ग इंग्रजी मिळतो. म्हणून मराठी माध्यमाच्या शाळेवर दुहेरी जबाबदारी येते. शास्त्राच्या संकल्पना मातृभाषेत पक्क्या करणे हे तिचे मूळ काम आहेच. त्याबरोबर आठवीपासून त्याच संकल्पनांची इंग्रजी नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी बसविणे हेही तिचेच काम आहे. ‘पेशी’ म्हणजे काय हे ज्याला नीट समजले आहे, त्याला ‘सेल’ हा शब्द शिकण्यास एक दिवस पुरतो. ज्याने केवळ ‘सेल’ हा शब्द पाठ केला आहे, त्याला पेशी समजण्यास वर्षे लागू शकतात. ‘वैद्यतत्त्व’ लिहिणाऱ्या पिढीने दोन्ही भाषांत पाय रोवूनच हे काम केले होते. मराठी शाळेतून आरोग्यक्षेत्राकडे निघालेल्या मुलांना तीच वाट आजही मोकळी आहे, आणि या वेळी तिची शिडी अर्ध्यावर संपत नाही.