सेंट थॉमस कॅथिड्रल, मुंबई

मुंबईच्या फोर्ट भागात, हुतात्मा चौक आणि हॉर्निमन सर्कल यांच्या दरम्यान असलेले अँग्लिकन परंपरेचे जुने चर्च. पालघर-बोईसरहून डहाणू लोकलने मुंबई गाठणारे नोकरदार रोज ज्या चर्चगेटला उतरतात, त्या स्थानकाचे नाव या चर्चकडे नेणाऱ्या कोटाच्या दरवाजावरून पडले. १८६० च्या दशकात कोट पाडला गेला आणि दरवाजाच्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले.

इंग्रज वसाहतीला स्वतःचे प्रार्थनास्थळ हवे, ही कल्पना गव्हर्नर जेराल्ड आँजिअर याची. १६७६ च्या सुमारास काम सुरू झाले, पण भिंती जेमतेम पंधरा फूट चढल्यावर थांबले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे तसेच पडून राहिले. ते पुन्हा सुरू करण्याचे श्रेय रिचर्ड कॉब या पाद्र्याचे. त्याने प्रवचनांतून लोकांना साद घातली, वर्गणी जमवली आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी खुले झाले.

त्या वेळी तारापूर-वसईचा किनारा पोर्तुगिजांकडे होता आणि तिथली चर्चे रोमन कॅथलिक होती. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूरचा किल्ला घेतला. मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर तिथेच धारातीर्थी पडले. मे महिन्यात वसईही पडली. मुंबईकर इंग्रज धास्तावले. व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये उभे केले आणि कोटाभोवती खंदक खणण्यात आला. या तटबंदीच्या आड वाढलेले हे चर्च त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईचा इतिहास अगदी जवळून दाखवते.

१८१६ मध्ये कलकत्त्याचे बिशप मिडलटन यांच्या हस्ते ते प्रेषित थॉमसच्या नावाने विधिपूर्वक अर्पण झाले. हा येशूचा शिष्य इ.स. ५२ मध्ये केरळच्या किनाऱ्यावर उतरला, अशी भारतीय ख्रिस्ती परंपरा आहे. ख्रिस्ती चित्रपरंपरेत सुताराचा गुण्या आणि भाला ही त्याची चिन्हे: एक त्याच्या कारागिरीचे, दुसरे हौतात्म्याचे. १८३७ मध्ये थॉमस कार मुंबईचे पहिले बिशप झाले आणि चर्चला कॅथिड्रलचा दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी घंटाघराच्या जागी घड्याळाचा मनोरा आला.

आत शिरताच नजर खिळते ती भिंतींवरील संगमरवरी स्मारकांवर. लढायांत पडलेले आणि साथींत दगावलेले अधिकारी इथे दगडात कोरलेले आहेत. यांतले गव्हर्नर जोनाथन डंकनचे स्मारक सर्वांत बोलके. काठेवाडातील नवजात मुलींच्या हत्येविरुद्ध त्याने मोहीम उघडली होती. म्हणून हिंदू बालके त्याला दुवा देताना दाखवली आहेत. शिल्प देखणे आहे, पण त्यातला विजय अपुरा होता: ही प्रथा रोखण्यासाठी सरकारला १८७० मध्ये कायदा करावा लागला. प्रांगणातील कारंजे पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभे राहिले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्चच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि हे कॅथिड्रल त्या चर्चचा भाग बनले. डहाणू परिसरात दवाखाना चालवणारे ब्रदरन मिशनचे ख्रिस्ती लोकही याच एकीकरणात सामील झाले. इमारतीच्या जतनकार्याला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.